दीडशे डॉलरची फुली

ऑक्टोबर लागला की विस्कॉन्सिनमधल्या शिकारी सामानाच्या दुकानांत एका ठरावीक काचेच्या कपाटापुढे गर्दी होते. कपाटात रायफलीच्या पाठीवर बसवायच्या दुर्बिणी ओळीनं मांडलेल्या असतात. फूटभर लांबीच्या, बहुतेक काळ्या. एका टोकाची पन्नास-साठ डॉलरची, दुसऱ्या टोकाची दोन-अडीच हजारांची. लांबून पाहिलं तर दोघींत फरक कळत नाही. हातात घेतल्यावरही पहिल्या मिनिटाला कळेलच असं नाही. इथे सगळे तिला स्कोप म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येतो. त्याच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. साडेपाच लाखांच्या आसपास माणसं परवाना काढतात. पावणेदोन ते दोन लाख हरणं मारली जातात आणि तरीही राज्यात पंधरा लाखांहून अधिक उरतात. लांडगे मुख्यतः उत्तरेकडे आहेत आणि मोजके आहेत. दक्षिणेतली शेतं हरणांनी भरलेली असतात आणि दर वर्षी पंधरा हजारांहून जास्त गाड्या हरणांना धडकतात. शिकार हा इथला खेळ आहे तसाच तो वनखात्याच्या हिशोबाचाही भाग आहे. मांस घरात खाल्लं जातं. शीतकपाटात वर्षाची बेगमी करणारी कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, आणि ते योग्यच झालं. मराठी वाचकाला शिकार माहीत आहे ती जिम कॉर्बेटमुळे, जुन्या शिकारकथांमुळे. कॉर्बेटच्या हातातली .275 रिग्बी रायफल स्कोपशिवायची होती. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत धरायची आणि चाप ओढायचा. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यानं 1926च्या मे महिन्यात असाच मारला, तोही रात्री, विजेरीच्या उजेडात. मग आज हरणासारख्या प्राण्यासाठी स्कोप कशाला, हा प्रश्न वाजवी आहे. त्याचं उत्तर असं की कॉर्बेट जंगलात आयुष्य काढलेला माणूस होता. इथे शनिवारी पहाटे झाडावरच्या मचाणावर बसणारा गडी वर्षातले उरलेले दिवस गोदामात, बँकेत किंवा संगणकापुढे काढतो. त्याच्या डोळ्याला माशी, खाच आणि हरीण या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत. चाळिशीनंतर तर कुणालाच दिसत नाहीत. स्कोपमध्ये माशी आणि खाचेच्या जागी आत नेमाची एक फुली असते आणि ती हरणाच्या चित्राच्याच प्रतलात येते. फुली आणि हरीण एकाच वेळी स्वच्छ दिसतं. स्कोपचं मुख्य काम हे आहे. मोठं दाखवणं हे त्याच्या खालचं.

या गर्दीत आता मराठी माणसंही दिसतात. मॅडिसन आणि मिलवॉकीच्या परिसरात राहणारी, वैद्यकीय उपकरणांच्या, विम्याच्या, सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत काम करणारी. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. ग्रीनकार्ड असेल तर बंदूक घेता येते. कामाच्या व्हिसावर असाल तर ती सहसा घेता येत नाही, मात्र वैध शिकार परवाना हातात असेल तर कायद्यात त्याला अपवाद आहे. अशाच एका मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या गृहस्थांबरोबर मी त्या कपाटापुढे उभी राहिले होते. ते इथे बरीच वर्षं शिकार करतात आणि नव्या मराठी मंडळींना सामान घ्यायला मदत करतात. एक तरुण मुलगा सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारा, लाल-हिरवी फुली उजळणारा, पंचाहत्तर डॉलरचा स्कोप हातात घेऊन उभा होता.

"काका, हा बघा ना. चोवीस पट! आणि दिवा पण आहे."

"ठेव खाली," ते म्हणाले. "बैल घेताना रंगवलेली शिंगं बघायची नसतात बाळा, खूर बघायचे असतात."

मुलगा हसला, पण त्यानं स्कोप खाली ठेवला नाही. पुढचा अर्धा तास जे बोलणं झालं आणि त्यानंतर मी जे बघत-विचारत गेले, त्यातून हा लेख उभा राहिला.

आधी मोजमाप सांगते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण आठ इंच व्यासाची जागा होते. गोळी तिथे लागली तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. चार इंच मागे लागली तर पोटात जाते. मग ते मैलभर पळतं, रात्रभर तडफडतं आणि बऱ्याचदा सापडतही नाही. ज्यांनी असं हरीण रक्ताच्या थेंबांमागून शोधलं आहे, त्यांच्याशी बोलून बघा. कितीही वर्षं झालेली असोत, त्या रात्रीबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलतो. स्कोपवर खर्च करायचा तो या चार इंचांसाठी. लांबचं जनावर मारता यावं म्हणून जो स्कोप घेतो, तो पैसा चुकीच्या दिशेनं घालवतो असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा परवडणारा स्कोप म्हणजे काय, याचं उत्तर किमतीच्या पाटीवर नाही. पण परवडणं हा शब्दही हलका नाही. चांगला स्कोप श्रीमंतांच्याच हातात असायचा, असा काळ फार जुना नाही. शंभर वर्षांपूर्वी शिकारीचे चांगले स्कोप जर्मनी-ऑस्ट्रियातून यायचे आणि सामान्य अमेरिकन शिकाऱ्याला ते घेणं शक्य नव्हतं. 1930 साली विल्यम राल्फ वीव्हर नावाच्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणानं स्वतः बनवलेला एक स्कोप बाजारात आणला. मॉडेल 3-30. पोलादी नळी, व्यास पाऊण इंच, मोठं दाखवणं तीन पटींच्याही थोडं खालीच. किंमत बैठकीसकट 19 डॉलर. ते महामंदीचं पहिलं वर्ष होतं. पुढे वीव्हरनं टेक्सासमधल्या एल पासोला कारखाना नेला आणि तिथून शेतकऱ्यांच्या, खाणकामगारांच्या, शाळामास्तरांच्या रायफलींवर स्कोप चढायला लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला नेमबाजांसाठी घाईनं रायफली हव्या होत्या, तेव्हा एम 1903 ए 4 या रायफलीवर वीव्हरचा हाच स्वस्त नागरी स्कोप, 330 सी, लष्करी क्रमांक देऊन बसवला गेला. त्यात ओल शिरायची, तो फार मोठं दाखवायचा नाही, या तक्रारी खऱ्या होत्या. तरी तो युद्धावर गेला आणि त्यानं काम केलं.

त्या 19 डॉलरचे आजच्या महागाईच्या हिशोबानं साडेतीनशेच्या आसपास डॉलर होतात. म्हणजे आज दीडशे-दोनशे डॉलरला मिळणारा साधा स्कोप वीव्हरच्या स्वस्त स्कोपच्या निम्म्या किमतीचा आहे, आणि प्रकाशाच्या, पाण्याच्या, टिकाऊपणाच्या प्रत्येक कसोटीवर त्याच्यापेक्षा सरस आहे. ही गोष्ट दुकानातला विक्रेता तुम्हाला सांगणार नाही. तो सांगेल की रायफलीला जेवढे मोजले तेवढेच स्कोपला मोजा. हा सल्ला जुना आहे, त्याच्या काळात तो बरोबर होता. आज साध्या, नेमक्या, पाचशे डॉलरच्या आतल्या रायफली मिळतात आणि त्यांच्या अर्ध्या-पाव किमतीत त्यांना शोभेल असा स्कोप मिळतो.

मग पंचाहत्तर डॉलरवाल्यात वाईट काय?

त्यासाठी स्कोपच्या पोटात बघावं लागेल. बाहेरच्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते, भिंगांची. तिचं मागचं टोक आतल्या आत सांध्यावर हलतं आणि दुसरं टोक मोकळं असतं. वरून आणि बाजूनं दोन फिरकीचे स्क्रू त्या आतल्या नळीला ढकलतात, आणि समोरून एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून धरते. तुम्ही वरची फिरकी एक टिक फिरवली की आतली नळी केसाच्या जाडीएवढी सरकते आणि फुली शंभर यार्डांवर पाव इंच हलते. सगळा नेम त्या एका स्प्रिंगवर उभा आहे. रायफलीचा झटका हा बाहेरच्या माणसाला खांद्यावर बसलेला धक्का वाटतो. स्कोपच्या आत मात्र प्रत्येक झटक्याला भिंगं, नळी, स्प्रिंग एका दिशेला फेकली जातात आणि पुन्हा जागेवर यावी लागतात. .308 किंवा .30-06 सारख्या काडतुसाचे असे शंभर झटके खाऊनही आतली नळी तिच्या त्याच जागी येते का, एवढाच प्रश्न आहे. स्वस्तात स्वस्त स्कोपवर लाल-हिरवा दिवा असतो, चोवीस पटीचा आकडा असतो, कारण ते कपाटात दिसतं. स्प्रिंग दिसत नाही, म्हणून काटछाट तिथे होते. असा स्कोप पहिल्या दिवशी नेम धरतो, तिसऱ्या दिवशी दोन इंच डावीकडे गेलेला असतो, आणि माणसाला वाटतं आपलाच हात हलला.

दीडशे डॉलरच्या आसपास हे बदलायला लागतं. व्होर्टेक्सचा क्रॉसफायर टू, बुशनेलचे, बर्रिसचे तीन-ते-नऊ पटीचे साधे स्कोप या टप्प्यात येतात. व्होर्टेक्स तर इथलीच कंपनी, मॅडिसनच्या पश्चिमेला बार्नेव्हेल्डला तिचं मुख्यालय आहे. अर्थात तिचे कमी किमतीचे स्कोप आशियातल्या कारखान्यांत बनतात. तीनशेच्या आसपास ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम येतो, ओरेगनमध्ये बनलेला. सातारकर काकांचं म्हणणं, आणि मलाही ते पटलं, की शिकारीच्या खऱ्या गरजा दीडशे ते तीनशे या पट्ट्यात भागतात. त्याच्या वर जे मिळतं ते खोटं नाही, पण ज्याला ते वापरायचं कसब आहे त्यालाच ते मिळतं.

पुढची गोष्ट उजेडाची. ही मला या सगळ्या विषयातली सगळ्यात मोलाची वाटते आणि नवखे ग्राहक तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. विस्कॉन्सिनमध्ये गोळी झाडायची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी संपते. हरणं बाहेर पडतात ती याच दोन कडांना. म्हणजे हंगामातला महत्त्वाचा क्षण जवळजवळ नेहमी अर्ध्या उजेडातला असतो.

काचेचा हवेला लागणारा प्रत्येक पृष्ठभाग येणाऱ्या उजेडातला चार टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो. स्कोपमध्ये असे चौदा पृष्ठभाग धरले, तर काहीही लेप न दिलेल्या भिंगांतून शेवटी डोळ्यापर्यंत जेमतेम छप्पन टक्के उजेड पोचतो. 1935 साली झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर अतिशय पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आज चांगला बहुपदरी लेप एका पृष्ठभागावरचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर आणतो आणि तोच हिशोब त्र्याण्णव टक्क्यांवर जातो. खोक्यावर नुसतं 'कोटेड' लिहिलेलं असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर एक पदर असू शकतो. 'फुली मल्टीकोटेड' लिहिलेलं असेल तर सगळ्या पृष्ठभागांवर अनेक पदर. खोक्यावरच्या सगळ्या मजकुरात वाचण्यासारखे शब्द हे दोन आहेत.

दुसरा हिशोब कागद-पेन्सिलीशिवाय होतो. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि जितक्या पटीवर बघताय त्या आकड्यानं भागा. चाळीस मिलिमीटरचं भिंग नऊ पटीवर असेल तर साडेचार मिलिमीटरपेक्षाही बारीक प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. तेच चार पटीवर आणलं तर दहा मिलिमीटरचा. संधिप्रकाशात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते, वय झालं की पाचच्या आसपास. तेव्हा अंधार पडू लागला की पट कमी करायची, वाढवायची नाही. लोक बरोबर उलटं करतात. दिसत नाही म्हणून नऊवर नेतात आणि चित्र आणखी काळवंडतं. पन्नास मिलिमीटरचं मोठं भिंग घ्यायचा मोह इथेच होतो. पण ते बसवायला स्कोप धरणाऱ्या उंच कड्या लागतात, स्कोप नळीपासून वर जातो, गाल दस्त्यावर टेकत नाही आणि मान ताणून नेम धरावा लागतो. साध्या शिकारीला चाळीस पुरे.

काका त्या मुलाला घेऊन दुकानाबाहेर आले. सोबत विक्रेताही होता, कारण कपाटातला माल एकट्यानं बाहेर नेता येत नाही. संध्याकाळचे पावणेसहा. सूर्य पार्किंगच्या पलीकडे टेकला होता. तिघांच्या हातात तीन स्कोप, रायफलीशिवाय नुसते. रस्त्यापलीकडे एक जुनं गोदाम होतं. त्याच्या छपराखाली सावलीत विटांची भिंत आणि एक गंजलेली पाटी. काकांनी मुलाला विचारलं, "पाटीवरची बारीक अक्षरं वाच." पंचाहत्तरवाल्यातून त्याला चोवीस पटीवर राखाडी धूर दिसला. सहा पटीवर पाटी दिसली, अक्षरं नाहीत, आणि कडेला जांभळट झालर. दीडशेवाल्यातून सहा पटीवर त्यानं अक्षरं वाचून दाखवली, अडखळत का होईना. नंतर विक्रेत्यानं आपणहून आणलेल्या अकराशेवाल्यातून बघितलं तेव्हा तो क्षणभर काही बोललाच नाही. भिंतीवरच्या विटांचे सांधे मोजता येत होते. "हा फरक खरा आहे," काका म्हणाले. "पण हरीण म्हणजे विटेचा सांधा नाही. दीडशेवाल्यात तुला त्याचा खांदा दिसेल. गोळी टाकायला तेवढं लागतं." दुकानातल्या ट्यूबलाइटखाली स्कोप निवडू नये. जायचं ते दिवस मावळताना जायचं आणि बाहेर नेऊन बघू देता का, हे आधी विचारायचं. बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत.

पटीच्या आकड्याबद्दल थोडक्यात. उत्तर विस्कॉन्सिनच्या झाडीत हरीण दिसतं ते शंभर यार्डांच्या आत, अनेकदा चाळीस-पन्नासवर. तीन पटीवर शंभर यार्डांवरची तीस-पस्तीस फूट रुंदीची पट्टी नजरेत मावते, नऊ पटीवर दहा-पंधरा फुटांची. चाळीस यार्डांवरचं हरीण नऊ पटीतून बघितलं तर नुसते तपकिरी केस दिसतात, ते मानेचे की मांडीचे हे कळत नाही. म्हणून मचाणावर बसताना स्कोप सगळ्यात खालच्या पटीवर ठेवायचा आणि वेळ मिळाला तरच वाढवायचा. जुनी माणसं चार पटीचा एकच स्थिर स्कोप वापरत आली. एका शेतकऱ्याच्या घरी मी युद्धानंतरच्या काळातला वीव्हरचा के-फोर पाहिला. वडिलांचा. नळीवरचा काळा रंग हाताच्या घामानं जागोजागी उडालेला, पण फुली स्वच्छ. त्यानं दुसरा घेतलेला नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे आठवतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक जिंकलं. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. त्या स्पर्धेत रायफलीवर स्कोपला परवानगीच नाही. बारीक छिद्रातून बघून, श्वास आवरून, वर्षानुवर्षं सराव करून ते साधतं. चोवीस पटीचा आकडा बघून भुलणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

स्कोपच्या आत वाफ धरण्याचा प्रश्न आता जवळपास सुटलेला आहे. ल्युपोल्ड ही मुळात 1907 पासून जमीनमोजणीची उपकरणं दुरुस्त करणारी पोर्टलंडची कंपनी. मार्कस ल्युपोल्ड यांच्या स्कोपवर आतून वाफ धरली, हरीण निसटलं आणि याहून चांगला स्कोप आपण बनवू असं म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं, अशी गोष्ट कंपनी सांगते. 1947मध्ये त्यांचा पहिला स्कोप आला. आतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायची रीत पुढे सगळीकडे रुळली. आज दीडशे डॉलरच्या स्कोपमध्येही ती असते. उणे दहा अंशांच्या थंडीतून गरम गाडीत आलं की बाहेरच्या काचेवर दव धरतं, त्याला कुठलाच स्कोप अपवाद नाही. रायफल रात्रभर थंड जागीच ठेवायची, अर्थात कुलपात.

हमीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण कमी पैशात चांगला माल मिळवायची खरी वाट तिथे आहे. व्होर्टेक्स आणि ल्युपोल्ड या दोन्ही कंपन्यांची हमी आयुष्यभराची आहे आणि ती वस्तूला आहे, मालकाला नाही. पावती लागत नाही. म्हणजे कुणी हौशी माणसानं एक हंगाम वापरून विकायला काढलेला ल्युपोल्ड तुम्ही घेतला आणि तो बिघडला, तर तुमचाच दुरुस्त होऊन येतो. निकॉननं 2019-20च्या सुमारास रायफलींचे स्कोप बनवणं बंद केलं, पण त्यांचे प्रोस्टाफ आणि बकमास्टर्स हे स्कोप आजही वापरलेल्या मालात स्वस्तात मिळतात आणि काच उत्तम असते. फक्त ल्युपोल्डच्या नकला बाजारात फिरतात, त्यामुळे अनोळखी माणसाकडून फारच स्वस्त मिळत असेल तर हात लावू नये. ओळखीच्या दुकानातून घ्यावा.

स्कोप बसवलेल्या अवस्थेतच मिळणाऱ्या रायफली हल्ली खूप खपतात. सॅव्हेजची ॲक्सिस त्यातली लोकप्रिय. रायफल चांगली असते. वर बसवलेला स्कोप कसाबसा चालणारा असतो, आणि कारखान्यात कड्यांचे स्क्रू नीट आवळलेले असतीलच असं नाही. घरी आणल्यावर ते सगळे सोडवून, तेल पुसून, टॉर्क मोजणाऱ्या स्क्रूड्रायव्हरनं पुन्हा आवळावेत. कड्यांच्या स्क्रूंना पंधरा ते अठरा इंच-पाउंड पुरतात. ताकद लावून आवळलं तर नळी चेपते आणि आतल्या नळीचं हलणं बंद होतं. स्कोप नेम धरत नाही म्हणून परत येणाऱ्या मालात दोष कितीदा तरी या सैल किंवा चेपलेल्या कड्यांचा असतो, असं बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं मला सांगितलं. चांगल्या कड्यांना तीस-चाळीस डॉलर मोजणं हा वायफळ खर्च नाही. बसवताना डोळा आणि मागची काच यांत साडेतीन-चार इंच अंतर राहील असं बघावं. कमी राहिलं तर झटक्याला स्कोपची कड कपाळावर बसते आणि भुवईवर अर्धचंद्र उमटतो. दुकानातल्या अनेकांच्या कपाळावर तो दिसतो.

आता मैदानावर. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्या मुलाबरोबर गावाबाहेरच्या गोळीबाराच्या मैदानावर गेले. त्यानं शेवटी तीन-ते-नऊचा दीडशेवाला घेतला होता, .308च्या रायफलीवर. मैदानाची देखरेख करणाऱ्या बाईंनी आधी रायफलीचा बोल्ट काढायला लावला. वाळूच्या पोत्यांवर रायफल स्थिर करून त्यानं नळीच्या भोकातून पंचवीस यार्डांवरचा कागदी ठिपका बघितला, मग रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच ठिपक्यावर आणली. काडतूस न वापरता अर्धं काम तिथेच झालं. मग पहिली गोळी. खाली एक इंच, उजवीकडे दोन. शंभर यार्डांवर एक टिक पाव इंच, तर पंचवीसवर इंचाचा सोळावा भाग. म्हणजे एक इंचाला सोळा टिका. त्यानं मोजत वर सोळा आणि डावीकडे बत्तीस दिल्या. दुसरी गोळी ठिपक्याला चिकटली.

मग लक्ष्य शंभर यार्डांवर नेलं. तीन-तीन गोळ्यांचे गट, मध्ये नळी गार होईपर्यंत थांबायचं. शंभरवर दोन इंच वर लागेल असं बसवलं की .308ची दीडशे ग्रेनची गोळी दोनशे यार्डांच्या आसपास बरोबर फुलीवर येते. म्हणजे सव्वादोनशेपर्यंत काहीही हिशोब न करता फुली खांद्यामागे धरायची, गोळी त्या आठ इंचांच्या आतच जाते. इतक्या साध्या गणितात विस्कॉन्सिनमधली जवळजवळ सगळी शिकार बसते.

शेवटी बाईंनी त्याला चौकोनाची परीक्षा घ्यायला लावली. आधी एक गट. मग वीस टिका वर, एक गोळी. वीस उजवीकडे, एक गोळी. वीस खाली, एक. वीस डावीकडे, एक. कागदावर पाच-पाच इंचांचा चौकोन उमटायला हवा आणि शेवटची गोळी पहिल्या गटात येऊन पडायला हवी. मुलगा कागद आणायला गेला आणि परत येताना अर्ध्या वाटेतच ओरडला. चौकोनाची एक बाजू पाव इंच कमी होती, पण शेवटची गोळी पहिल्या तिघींच्या मधोमध होती. स्प्रिंग जागेवर होती. दीडशे डॉलरच्या वस्तूकडून एवढंच हवं होतं. असा चौकोन जमत नसेल तर तो स्कोप त्याच आठवड्यात परत करावा, हंगाम संपायची वाट बघू नये.

एक सुरक्षेची गोष्ट मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे. जंगलात हालचाल दिसली की ती काय आहे हे बघायला रायफल उचलून स्कोपमधून बघणारे लोक आहेत. त्याचा अर्थ, समोर माणूस असेल तर भरलेली रायफल माणसावर रोखलेली असते. सुरक्षा-अभ्यासक्रमात पहिल्या दिवशी शिकवतात की लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री असल्याशिवाय नळी तिकडे वळवायची नाही. कमरेवरच्या निम्म्या तरी कपड्यांचा रंग भडक नारिंगी किंवा गुलाबी असावा असा इथे कायदा आहे, तरी हा धोका संपत नाही. म्हणून शोधायला वेगळी हातातली दुर्बीण हवीच. शंभर डॉलरची आठ-बाय-बेचाळीस चालते. स्कोपमध्ये शंभर डॉलर जास्त घालून दुर्बीण न घेणाऱ्याचा हिशोब मला कधीच मान्य होणार नाही.

तेव्हा हिशोब असा. हातात चारशे डॉलर असतील तर दीडशे-पावणेदोनशेचा तीन-ते-नऊ बाय चाळीस, साध्या काळ्या फुलीचा, दिव्याशिवायचा स्कोप. चाळीस डॉलरच्या कड्या. शंभरची दुर्बीण. उरलेल्या पैशांत वीस-वीस काडतुसांच्या तीन पेट्या, तिन्ही एकाच कंपनीच्या आणि एकाच वजनाच्या गोळीच्या, कारण काडतूस बदललं की नेमही बदलतो. दोन पेट्या मैदानावर संपवायच्या, तिसरी जंगलात न्यायची. आणि खरेदी ऑक्टोबरात करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये करा, तेव्हा मैदान मोकळं असतं, विक्रेत्याला बोलायला वेळ असतो आणि बिघडलेला स्कोप कंपनीकडून दुरुस्त होऊन हंगामाआधी परत येतो.